लेक सुपीरियरवर सी कयाकिंग करायचंय? मुंबईत बसून तयारी कशी करायची

तळं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ठाण्याची तलावपाळी येते नाहीतर पवई, त्यामुळे मी घरी सांगितलं की अमेरिकेतल्या एका तळ्यात सी कयाकिंगला, म्हणजे लांब अरुंद होडी वल्हवत समुद्रावर फिरतात तसं फिरायला चाललोय तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "तळ्यात कसलं रे सी?" प्रश्न अगदी बरोबर होता आणि सगळी तयारी त्याच्याच उत्तरावर उभी आहे म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरचं हे लेक सुपीरियर म्हणजे जवळपास 82,100 चौरस किलोमीटर पाणी. महाराष्ट्राचा चौथा हिस्सा पाण्याखाली आहे असं समजा, वर थोडं उरेलच. पूर्व-पश्चिम साधारण 560 किमी लांब, सगळ्यात खोल जागी 406 मीटर. समोरचा किनारा दिसत नाही, कड्यांवर लाटा फुटतात, लोखंडाची माती भरलेली प्रचंड जहाजं ये-जा करतात. 10 नोव्हेंबर 1975 ला एडमंड फिट्झजेराल्ड नावाचं 222 मीटर लांब जहाज इथल्या वादळात बुडालं आणि त्यावरची 29 च्या 29 माणसं गेली. तिथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक या पाण्याला गिचिगामी म्हणतात, मोठा समुद्र, आणि तेच नाव डोक्यात ठेवून तयारी करायची. आपल्या समुद्राशी फरक मुख्य दोनच, पाणी गोडं आहे आणि पाणी थंड आहे. गोडं आहे ही मोठी सोय. थंड आहे हा मोठा धोका, आणि मुंबईकराला नेमकी याच गोष्टीची सवय नसते. लाट आपण पाहिलेली असते, वारा पाहिलेला असतो, पण आपला समुद्र जानेवारीतसुद्धा बावीस-तेवीस अंशाच्या खाली फारसा जात नाही. तिकडे भर जुलैमध्ये किनाऱ्याजवळचं पाणी 10 ते 15 अंश असणं अगदी नेहमीचं आहे.

बरं, उथळ जागी ऑगस्टमध्ये पाणी त्याहून कोमट होतं, लोक पोहतातही, पण त्यावर विसंबू नका. किनाऱ्यावरून बाहेरच्या दिशेने वारा वाहिला की वरचं तापलेलं पाणी लांब ढकललं जातं आणि खालचं थंडगार पाणी वर येतं, त्यामुळे काल 18 अंश असलेलं पाणी आज 8 अंश होऊ शकतं. म्हणून कपडे घालायचे ते हवेप्रमाणे नाही तर पाण्याप्रमाणे. बाहेर पंचवीस अंश ऊन आहे, घाम येतोय, तरी अंगात वेटसूट, म्हणजे निओप्रीन या रबरासारख्या कापडाचा ऊब धरून ठेवणारा घट्ट पोशाख, पाहिजेच.

थंड पाण्यात पडल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या कारण पोहता येतं म्हणून आपण वाचू असं आपल्याला वाटतं आणि तिथेच घात होतो. कॅनडातले संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी लोकांपर्यंत पोचवलेला एक-दहा-एक असा हिशोब आहे. पहिलं एक मिनिट श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, धाप लागते, तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर पाणी सरळ आत जातं. पुढची दहा मिनिटं हातापायाची बोटं कामाची असतात, जे काही करायचं, होडीत परत चढायचं, शिट्टी वाजवायची, रेडिओ काढायचा, ते एवढ्यातच. आणि साधारण एक तासाने अंग इतकं गार पडतं की शुद्ध हरपते. म्हणजे बहुतेक माणसं गारठून नाही तर त्याच्या कितीतरी आधी बुडून जातात. म्हणून लाइफ जॅकेट होडीत मागे बांधून ठेवायचं नाही, अंगावर, पट्टे आवळून, पूर्ण वेळ.

मी दादरच्या तलावात वर्षानुवर्षं पोहलेला माणूस आहे. सुपीरियरच्या काठावरच्या बेफील्ड गावात पहिल्या दिवशी सरावासाठी कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम कयाक उलटवली आणि वेटसूट अंगात असूनही छातीवर कोणीतरी बसल्यासारखं झालं, पाच-सहा सेकंद मला श्वास सोडताच आला नाही. त्या पाच सेकंदांसाठीच हे सगळं लिहितोय.

आता मुंबईत काय करायचं. पहिली गोष्ट कॅलेंडर. तिकडचा चांगला मोसम जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत, जूनमध्ये धुकं आणि चावणाऱ्या माश्या जास्त, सप्टेंबरपासून वारे वाढत जातात. आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे पावसाळा, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, कोळी बांधवसुद्धा होड्या वर ओढून जाळी विणत बसलेले असतात तेव्हा आपण पाण्यात उतरायचा प्रश्नच येत नाही. म्हणजे सरावाला हातात नोव्हेंबर ते मे एवढेच महिने. निदान एक आख्खा मोसम द्या, दोन दिले तर फारच छान.

पवई तलावात उतरायचा विचारही करू नका, तिथे मगरी आहेत. विहार आणि तुळशी हे पिण्याच्या पाण्याचे तलाव, तिथे जाता येत नाही. मुंबई बंदरातल्या पाण्यात फेरीबोटी, ट्रॉलर, जहाजं यांची इतकी वर्दळ असते की नवशिक्याने एकट्याने तिथे जाऊच नये. मला उपयोगी पडलं ते असं, पहिले दोन-तीन महिने लोणावळ्याच्या पलीकडे पवना किंवा मुळशीसारखं धरणाचं पाणी, तिथे सकाळी वारा पडलेला असताना फक्त वल्हवायचं तंत्र घोटायचं, आणि मग जानेवारीनंतर काशीद, मुरूड, तारकर्ली अशा ठिकाणी कोणा जाणत्या माणसाबरोबर खऱ्या लाटांत. दुपारी खारे वारे सुरू झाले की पाणी कसं बदलतं ते तिथे अंगाला कळतं आणि ही समज सुपीरियरवर जशीच्या तशी कामाला येते, तिथेही सकाळ शांत आणि दुपार खवळलेली असाच दिवस असतो बऱ्याचदा.

तंत्र म्हणजे काय तर वल्हं हाताने ओढायचं नाही, कमरेपासून धड वळवून ओढायचं. हाताने ओढाल तर दीड तासात खांदे जातात. सामान भरलेली कयाक ताशी साधारण 5 किमी जाते, म्हणजे दिवसाला 15 ते 18 किमी हा झेपणारा हिशोब आहे. गेटवेपासून घारापुरी 10-11 किमी आहे, त्याच्या दीडपट. सराव संपताना न उतरता तीन तास वल्हवता आलं पाहिजे, वारा समोरून असताना.

एक अडचण अशी की आपल्याकडे भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक कयाक वर बसायच्या, उघड्या असतात. सुपीरियरला लागते ती बंद कॉकपिटची, पुढेमागे हवाबंद कप्पे असलेली, 16 फूट किंवा जास्त लांबीची सी कयाक आणि कमरेभोवती स्प्रे स्कर्ट, म्हणजे बसायच्या जागेत पाणी येऊ नये म्हणून लावायचं झाकण. सुपीरियरच्याच काठावरच्या पिक्चर्ड रॉक्स या राष्ट्रीय उद्यानाचा सल्लाही तोच आहे. दुकानात मिळणारी फुगवायची कयाक पवनेवर मजेची आहे, तिकडे न्यायची नाही. मग बंद कॉकपिटची सवय कुठे करायची? मी मार्चमध्ये ऋषिकेशजवळ शिवपुरीला गेलो. तिथे नदीतली छोटी कयाक असते पण दोन गोष्टी एकदम शिकायला मिळतात, उलटलेल्या होडीत स्कर्ट ओढून शांतपणे बाहेर पडणं, आणि हिमालयातून आलेलं थंड पाणी तोंडावर घेणं. मुंबईत राहून थंड पाण्याची सवय करायला याच्यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही. पावसाळ्यात तिथलं सगळं बंद असतं हे लक्षात ठेवा.

आणि होडीत परत चढायचं शिका! हे वल्हवण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. दोघांनी मिळून करायची पद्धत म्हणजे टी-रेस्क्यू, दुसरा आपली कयाक तुमच्या उलटलेल्या कयाकच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, आडवी लावतो, नाळ आपल्या डेकवर ओढून घेतो, पाणी निथळतं, सरळ करतो, मग तो धरून ठेवतो आणि तुम्ही पोटावर सरकत चढता. एकट्याने करायचं असेल तर वल्ह्याच्या टोकाला फुगवायची पिशवी लावून त्याचा आधार घ्यायचा. हे कोमट पाण्यात तीन मिनिटांत जमेपर्यंत तिकीट काढू नका असं मी स्पष्ट सांगेन, कारण थंड पाण्यात त्याच कामाला दुप्पट वेळ लागतो आणि हातात दहाच मिनिटं असतात.

जायचं कुठे ते आता. मुंबईहून जाणाऱ्या पहिलटकराला मी अपोसल आयलंड्स सांगेन, विस्कॉन्सिन राज्यात. मिनिअॅपोलिसला उतरून गाडीने डुलुथ, तिथून बेफील्ड. राष्ट्रीय उद्यानात 21 बेटं आहेत आणि बेटांमुळे वाऱ्यापासून थोडा आडोसा मिळतो, रस्ता बदलता येतो. सँड आयलंडवर 1881 चं तांबूस दगडाचं दीपगृह आहे, त्याच बेटावर स्वॅलो पॉइंटला गुहा आहेत, आणि मुख्य किनाऱ्यावर मेयर्स बीचजवळच्या गुहा तर बघतच राहाव्यात, लाल वालुकाश्म लाटांनी कोरून कमानी झाल्यात आणि आत पाणी गेलं की ढोलासारखा आवाज येतो. आपला कातळ काळा, बेसॉल्टचा, त्यामुळे तो लाल दगड आणि खाली हिरवं नितळ पाणी हे दृश्य आपल्याला जास्तच भिडतं.

दुसरा पिक्चर्ड रॉक्स, मिशिगनमध्ये, म्युनिसिंग गावाजवळ, 1966 साली जाहीर झालेला अमेरिकेतला पहिला नॅशनल लेकशोअर, म्हणजे तळ्याकाठचं राष्ट्रीय उद्यान. 15 ते 60 मीटर उंच कडे आणि त्यांच्यावर झिरपलेल्या पाण्याने ओढलेले रंग, लोखंडाचा लाल-केशरी, तांब्याचा निळा-हिरवा, मँगनीजचा काळा. सुंदर आहेच, पण वारा उत्तर-वायव्येकडून आला की समोर काही आडोसा नाही आणि मायनर्स बीच ते चॅपल बीच या टप्प्यात मॉस्किटो बीच सोडला तर उतरायला फारशी जागा नाही. इथे पहिल्यांदा गाइडबरोबरच जा. आणि कड्याच्या अगदी पायथ्याला लागू नका, 2019 च्या ऑगस्टमध्ये इथे कड्याचा मोठा भाग कयाकवाल्यांच्या जवळच पाण्यात कोसळला होता, नशिबाने सगळे वाचले.

तिसरा कॅनडातला पुकास्क्वा, उच्चार मात्र पकसॉ करतात. मॅरेथॉन नावाच्या गावाजवळ सुरू होतो, रस्ता नाही, वस्ती नाही, नुसता खडक, जंगल आणि पाणी. हा दोन-तीन मोठ्या ट्रिप झालेल्यांसाठीच, याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

हवामान. तिकडचा मरीन फोरकास्ट, म्हणजे पाण्यावरच्या हवामानाचा अंदाज, वाऱ्याचा वेग नॉटमध्ये आणि लाट फुटांमध्ये देतो. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किमी. आमच्या गटाने किनारा सोडायच्या आधीच ठरवलं होतं की 12 नॉटच्या वर वारा किंवा दोन फुटांच्या वर लाट सांगितली असेल तर जायचं नाही. दोन फूट ऐकून आपल्याला हसू येतं, आपण जुहूला याच्यापेक्षा मोठ्या लाटेत खेळलेलो असतो, पण सुपीरियरची लाट आखूड आणि उभी असते, मोठ्या समुद्रातल्या लाटेसारखी लांब-लांब येत नाही, एकीतून नाळ वर येईतो दुसरी अंगावर. त्यात कड्यांजवळ लाट दगडावर आपटून परत फिरते आणि येणाऱ्या लाटेला मिळून दुप्पट उसळते. म्हणून गुहांमध्ये फक्त पाणी सपाट असेल तेव्हा जायचं, हेल्मेट घालून, एका वेळी एकच कयाक, आणि जाण्याआधी बाहेर थांबून निदान पाच मिनिटं लाटा बघायच्या.

भरती-ओहोटीचं कोष्टक मात्र लागत नाही, तिथे ती नसल्यासारखीच आहे. पण वाऱ्याच्या आणि हवेच्या दाबाने पाणी एका बाजूला ढकललं जातं आणि मग हिंदकळत परत येतं, परातीतलं पाणी हलवल्यासारखं. त्याला सेश म्हणतात. पाणी फूटभर चढू शकतं, तेव्हा रात्री कयाक काठावर सोडायची नाही, वर ओढून झाडाला बांधायची.

पाच दिवसांची ट्रिप असेल तर वल्हवायचे दिवस तीनच धरा आणि दोन वाऱ्यासाठी मोकळे ठेवा. आम्ही सँड आयलंडवर दीड दिवस अडकलो, सकाळी धुकं इतकं दाट की स्वतःच्या कयाकची नाळ दिसेना आणि दुपारी धुकं गेलं तर ईशान्येचा वारा. दोघांना निघायचं होतं कारण परतीचं विमान होतं. आम्ही थांबलो आणि विमानाची तारीख बदलली, पैसे गेले. ते पैसे मी ट्रिपच्या खर्चातच धरतो आता, तारीख बदलता येणारं तिकीटच काढतो. आपल्याकडे तांडेल निघायच्या आधी आभाळाकडे आणि वाऱ्याकडे बघतो आणि नाही म्हणाला की नाही, कोणी हुज्जत घालत नाही, तसं गटात एकाला आधीच ठरवून टाका ज्याच्या "नाही"वर चर्चा होणार नाही. आणि हो, ओजिब्वे लोक पाण्यात उतरण्याआधी चिमूटभर तंबाखू पाण्याला वाहतात. ते वाचलं तेव्हा मला नारळी पौर्णिमा आठवली, वरळीच्या कोळीवाड्यातला नारळ आठवला, आणि ते पाणी तेवढंच जवळचं वाटायला लागलं.

सामानाचं थोडक्यात सांगतो. कयाक, वल्ही, स्कर्ट, वेटसूट सगळं तिथेच भाड्याने घ्या, बरेच जण भाड्याने देण्याआधी सुरक्षेचा वर्ग करायला लावतात तो मनापासून करा. सुती कपडे अंगाला नकोतच, भिजले की गारठवतात, लोकर किंवा फ्लीस. कानटोपी इथूनच न्या. माश्या घोट्यांना चावतात, उन्हाळ्यात किनाऱ्यावर फार होतात, लांब पँट आणि मोजे हाच उपाय. मोबाईलला रेंज नसते असं धरून व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे होड्यांवरचा वायरलेस, त्यात मदत मागायचं चॅनल 16, आणि कागदी नकाशा व होकायंत्र. सॅटेलाइट मेसेंजर घ्यायचा असेल तर तिथे भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा. विकत घेऊन मुंबईत आणू नका, परवानगीशिवाय असं यंत्र भारतात बाळगणं बेकायदेशीर आहे आणि विमानतळावर लोकांना खरोखर अडकवलंय.

पाण्याची सोय मात्र स्वर्ग! कोकणात किनाऱ्याने जायचं तर माणशी रोजचं चार-पाच लिटर पाणी होडीत वाहावं लागतं, इथे तुम्ही पिण्याच्या पाण्यातच तरंगत असता. फिल्टर मात्र करा, जंतू असतात. खाण्यात मेतकूट, सातूचं पीठ, खाकरे, दाण्याचे लाडू, इन्स्टंट पोहे, उपमा असं कोरडं आणि पॅकबंद न्या, विमानतळावरच्या फॉर्ममध्ये खाद्यपदार्थ आहेत असं लिहा, ताजी फळं आणि मांस नेऊ नका. गॅसचं कॅनिस्टर विमानात चालत नाही, तिथे मिळतं. अस्वलं आहेत, बेटांवरही पोहून जातात, त्यामुळे जेवणच काय टूथपेस्टसुद्धा तंबूत ठेवायची नाही, कॅम्पवर लोखंडी पेट्या असतील तर त्यात. आपल्या मसाल्याचा वास लांब जातो.

कागदपत्रं म्हणजे व्हिसा, त्याची अपॉइंटमेंट बीकेसीत कधी मिळेल सांगता येत नाही म्हणून वर्षभर आधी लागा. कॅनडाचा किनारा करायचा असेल तर त्याचा व्हिसा वेगळा. कॅम्पची जागा आधी बुक करावी लागते. विमा घेताना सी कयाकिंग त्यात धरलंय का आणि बोटीने किंवा हेलिकॉप्टरने उचलून आणायचा खर्च आहे का हे दोन प्रश्न लेखी विचारा. आणि निघण्याआधी रोजचा रस्ता, कयाकचे रंग, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं हे एका कागदावर लिहून तिथल्या भाड्याच्या दुकानात द्या, एक प्रत घरी. माझी प्रत आईने देवघरात ठेवली होती, बेटांची नावं तिला पाठ झाली होती.

परत याल तेव्हा ऑगस्टचा पाऊस चालूच असेल. गोड्या पाण्यातून आलात म्हणून मीठ धुवायची कटकट नाही, पण निओप्रीनचे मोजे आणि बूट ओले बॅगेत राहिले तर आपल्या हवेत चार दिवसांत बुरशी धरते. गॅलरीत नको, तिथे वाळत नाही, घरात पंख्याखाली उलटे करून टांगा, दोन दिवस.